मेंढपाळाचा सोबती : बॉर्डर कॉलीचें आरोग्य व आयुष्य



गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी तास संपल्यावर माझ्या मेजापाशीं येऊन उभा राहिला. "सर, आमच्या घरीं बॉर्डर कॉली जातीचें पिलूं आणावयाचें घाटत आहे. ह्या जातीचा कुत्रा किती वर्षें जगतो?" असा त्याचा प्रश्न होता. मीं उलट विचारलें, "तुझें वय किती?" तो म्हणाला, "चौदा." मीं म्हटलें, "तर मग बाळा, आज आणलेलें पिलूं तुझी शालान्त परीक्षा पाहील, तुझें कॉलेज पाहील, तुझी पहिली नोकरी पाहील. आणि तें जाईल त्या दिवशीं तूं सत्तावीस वर्षांचा झालेला असशील. मधल्या तेरा वर्षांत रोज सकाळीं त्याला कोण फिरवील?" तो गप्प राहिला. ह्या हिशेबाचा विचार त्याच्या घरीं कोणीं केला नव्हता.

त्या दिवशीं घंटा झाली व बोलणें अर्धेंच राहिलें. तें पुरें करावें, आणि त्याच्यासारख्या इतरांनाही त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हा लेख लिहीत आहें.

कूळ आणि काम

कोणत्याही प्राण्याची निगा राखावयाची असेल तर तो मुळांत कशासाठीं वाढविला गेला हें प्रथम पाहिलें पाहिजे. इंग्लंड व स्कॉटलंड ह्या दोन देशांच्या सीमेवर चेव्हिअट नांवाच्या डोंगरांची रांग आहे. तेथें झाडी थोडी, गवत पुष्कळ, आणि धुकें व पाऊस बारमाही. त्या उघड्या माळांवर मेंढरें चरतात. तीं इतक्या दूरवर पांगतात, कीं एकट्या माणसाला तीं गोळा करतां येणें अशक्यच. त्या सीमेवरील मेंढपाळांनीं पिढ्यान् पिढ्या निवड करून जो कुत्रा तयार केला, तोच हा कॉली. 'बॉर्डर' म्हणजे सीमा. त्यावरून त्याला हें नांव मिळालें.

ह्या प्रदेशांतील जेम्स हॉग (१७७०–१८३५) हा स्वतः मेंढपाळ असून नामांकित लेखकही होता. त्यानें आपल्या सिरा नांवाच्या कुत्र्याची हकीकत लिहून ठेविली आहे. आयांपासून नुकतींच तोडलेलीं सुमारें सातशें कोंकरें त्याच्या राखणींत होतीं. मध्यरात्रीं तीं एकाएकीं बिथरलीं आणि तीन टोळ्या होऊन डोंगरांत उधळलीं. काळोख दाट होता. कोंकरें गेलीं, एवढेंच हॉग कुत्र्याला म्हणाला आणि सोबतच्या पोराला घेऊन शोधाला निघाला. रात्रभर पायपीट करूनही दोघांना एकसुद्धां कोंकरूं सांपडलें नाहीं. उजाडल्यावर खिन्न मनानें परत येतांना एका खोल घळीच्या तळाशीं त्यांना कोंकरें दिसलीं, आणि त्यांच्यापुढें सिरा उभा होता. प्रथम त्यांना वाटलें, कीं तिहींपैकीं एक टोळी तरी मिळाली. जवळ जाऊन पाहतात तों सातशेंपैकीं एकही कमी नाहीं!

पुढें अशा कुत्र्यांच्या कौशल्याच्या चढाओढी होऊं लागल्या. ग्रेट ब्रिटनमधील पहिली प्रसिद्ध चढाओढ वेल्समधील बाला ह्या गांवीं १८७३ सालीं झाली. १८९३ सालीं नॉर्थंबरलंडमध्यें अॅडम टेल्फर ह्या गृहस्थाच्या घरीं हेंप नांवाचा कुत्रा जन्मास आला. तो भुंकत नसे, चावत नसे. केवळ नजरेच्या बळावर मेंढरें हालवीत असे. आजचे बहुतेक सर्व बॉर्डर कॉली त्याचे वंशज मानले जातात. १९०६ सालीं इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी ही संस्था स्थापन झाली व वंशावळी व्यवस्थित नोंदल्या जाऊं लागल्या.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. आपल्याकडील धनगराच्या वाड्यावरचा कुत्रा हा राखणदार आहे. लांडग्यापासून मेंढरें वांचविणें हें त्याचें काम. कॉली हा राखणदार नव्हे, तर वळविणारा आहे. तो पोट जमिनीला लावून दबकत येतो, डोळे रोखतो, कळपाला मोठा वळसा घालतो आणि धन्याच्या शिटीसरशीं डावीउजवीकडे फिरतो. शिकारी पूर्वजाची पाठलाग करण्याची उपजत वृत्ति त्याच्यांत कायम आहे. फक्त शेवटचा घांस घेण्याची वृत्ति निवडीनें दाबून टाकिली आहे. ज्या कुत्र्याच्या रक्तांत दिवसभर डोंगर चढण्याची व क्षणोक्षणीं निर्णय घेण्याची संवय भिनलेली आहे, तो दारांत साखळीला बांधून शोभेसाठीं ठेवावयाचा प्राणी नव्हे. पुढील सर्व विवेचनाचें हें सूत्र आहे.

आयुर्मान

आतां त्या विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. ब्रिटनमधील पांच लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून २०२४ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत सर्व कुत्र्यांचें मध्यम आयुर्मान साडेबारा वर्षें व बॉर्डर कॉलीचें तेरा वर्षांहून किंचित् अधिक असें आढळलें. पंधरा-सोळा वर्षें जगणारे कॉलीही असतात. ह्या मानानें ही जात दीर्घायुषी व काटक म्हटली पाहिजे. तिचें कारणही उघड आहे. मेंढपाळानें कुत्र्याचा रंग अगर कान पाहून निवड केली नाहीं. जो दमत नाहीं, लंगडत नाहीं व बुद्धीनें वागतो त्याचीच पिलें त्यानें ठेविलीं.

कुत्र्याचें एक वर्ष म्हणजे माणसाचीं सात वर्षें, असें आपण नेहमीं ऐकतों. हा हिशेब बरोबर नाहीं. पहिल्या एका वर्षांतच कुत्रा सुमारें पंधरा वर्षांच्या मुलाइतका वाढतो. दुसऱ्या वर्षाअखेर तो चोविशींतील तरुणासारखा होतो. आणि त्यानंतर दर वर्षीं तो आपल्या चार-पांच वर्षांच्या मानानें वृद्ध होत जातो. म्हणून त्याच्या वाढीचा काळ फार थोडा, आणि त्या थोड्या काळांत केलेली चूक जन्मभर पुरणारी असते.

रक्तांतून आलेले रोग

हेंपसारख्या एका उत्तम पूर्वजापासून सारी जात निर्माण झाली, तर त्याचे गुण सर्वांत उतरतात, हें खरें. परंतु नात्यांतल्या नात्यांत संबंध झाल्यानें घराण्यांत दडलेले दोषही एकत्र येतात. हें समजण्यासाठीं शास्त्राच्या पुस्तकांतील मेंडेलचा धडा आठवावा. प्रत्येक गुणाचें बीज जोडीनें असतें. एक पित्याकडून, एक मातेकडून. कांहीं दोष असे असतात, कीं जोडींतील एकच बीज सदोष असेल तर प्राणी पूर्ण निरोगी दिसतो. त्याला आपण वाहक म्हणूं. मात्र दोन वाहकांचा संबंध झाला, तर सरासरीनें चार पिलांपैकीं एक रोगी, दोन वाहक व एक निर्दोष असा हिशेब पडतो. आईबाप दोघेही धडधाकट दिसत असतां पिलूं आजारी कां निघतें, ह्याचा उलगडा एवढाच आहे.

बॉर्डर कॉलीमध्यें ह्या प्रकारचे तीन दोष विशेष प्रसिद्ध आहेत. पहिला नेत्रदोष. ह्यांत डोळ्याच्या मागील पडद्याची वाढ अपुरी राहते. पुष्कळांची दृष्टि कामापुरती टिकते, पण कांहीं आंधळेही होतात. दुसरा रक्तदोष. ह्यांत जंतूंशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशी हाडांच्या मगजांत तयार होतात, परंतु तेथेंच अडकून पडतात. असें पिलूं वरचेवर आजारी पडतें व बहुधा बाळपणींच दगावतें. तिसरा दोष मेंदूचा. पेशींतील टाकाऊ द्रव्य बाहेर न पडतां सांचत जातें. एक-दीड वर्षाचा तरणा कुत्रा एकाएकीं भिऊं लागतो, अडखळतो, ओळखीचीं माणसें विसरतो आणि साधारणतः तीन वर्षांच्या आंत त्याचा शेवट होतो.

समाधानाची गोष्ट ही, कीं ह्या तिन्ही दोषांची जनुक-परीक्षा आज करतां येते. लाळेचा अगर रक्ताचा लहानसा नमुना तिला पुरतो. वाहक कुत्रा टाकाऊ नव्हे; त्याचा जोडीदार निर्दोष निवडला, म्हणजे एकही पिलूं रोगी होत नाहीं. म्हणून पिलूं घेणाऱ्यानें विक्रेत्याजवळ प्रथम मागावयाची वस्तु म्हणजे आईबापांच्या परीक्षेचा दाखला. त्याबरोबरच त्यांच्या खुब्यांचें क्ष-किरण चित्र पाहावें. कारण खुब्याची खोबण उथळ असण्याचा दोषही ह्या जातींत आहे, आणि तो एकाच बीजावर अवलंबून नसल्यामुळें अशा सरळ परीक्षेनें कळत नाहीं. अपस्माराचे झटके व बहिरेपणा हेही विकार आढळतात. करडे ठिपकेदार कातडें कित्येकांना फार आवडतें. परंतु तशाच रंगाचे नरमादी एकत्र आणले तर दुहेरी बीज मिळालेलीं पिलें पुष्कळदां बहिरीं वा आंधळीं निपजतात. रंगाच्या हौसेपायीं मुक्या जिवाला जन्माचें अपंगत्व देणें हा अन्यायच नव्हे काय?

बालपण

सुमारें त्रेसष्ट दिवस गर्भांत राहून पिलूं जन्मतें. त्या वेळीं त्याचे डोळे व कान दोन्ही मिटलेले असतात. दहा ते चौदा दिवसांनीं डोळे उघडतात. आठ आठवडे पुरे होण्यापूर्वीं त्याला आईपासून तोडूं नये. भावंडांशीं खेळतांना किती जोरानें चावलें म्हणजे दुखतें, हा पहिला धडा तें तेथेंच शिकतें, आणि दुसरा कोणताही शिक्षक तो इतका चांगला शिकवूं शकत नाहीं.

तिसऱ्यापासून सुमारें चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा. ह्या दिवसांत जें जें पिलाच्या दृष्टीस व कानांस पडेल, त्याची भीति त्याला पुढें वाटत नाहीं. लहान मुलें, म्हातारीं माणसें, सायकली, भांड्यांचा आवाज, पावसाचा गडगडाट ह्या सर्वांची ओळख हळुवारपणें करून द्यावी. कॉली स्वभावतः आवाजाला फार हळवा असतो. ह्या काळांत केलेली हयगय दिवाळीच्या फटाक्यांच्या वेळीं कळून येते.

लसी टोंचण्याचा क्रम सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होतो. डिस्टेंपर, पार्व्हो व यकृताची सूज हे तीन आजार पिलांचे काळ आहेत. त्यांवरील लस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें, सोळा आठवड्यांचें वय होईपर्यंत, पुनः पुनः द्यावी लागते. एकदां टोंचलें म्हणजे काम भागलें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु आईच्या दुधांतून मिळालेलें संरक्षण पिलाच्या अंगीं असेपर्यंत तेंच लसीला निष्फळ करतें. आणि तें कधीं संपेल हें निश्चित नसल्यानें लस फिरून द्यावी लागते. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस द्यावी व पुढें पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणें ती चालू ठेवावी. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानें होणारा हा रोग एकदां प्रकट झाला म्हणजे मनुष्य जवळजवळ कधींच वांचत नाहीं. १८८५ सालीं लुई पाश्चर ह्यानें जोसेफ माइस्टर ह्या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोंचून ह्या रोगापासून वांचविलें, हें तुम्हीं वाचलेंच असेल. आपल्या कुत्र्याला लस देणें हें त्याच्याइतकेंच शेजाऱ्याच्या मुलाचेंही रक्षण आहे.

पहिलें वर्षभर हाडांचीं टोकें मऊ असतात. कॉलीचें पिलूं आपण होऊन थांबणारें नसतें, म्हणून थांबविण्याचें काम मालकाचें. सायकलीमागें मैलोगणती पळविणें, उंचावरून उड्या मारविणें, जिन्यांवरून वारंवार चढउतार करविणें हें ह्या वयांत वर्ज्य समजावें. मेंढपाळही कुत्र्याला खरें काम सुमारें वर्षाच्या आंतबाहेर शिकवूं लागतात. तोंवर 'बस', 'थांब', 'ये' एवढ्या आज्ञा त्याला पुरेशा होतात.

तारुण्य : काम, अन्न व ऊन

पूर्ण वाढलेल्या बॉर्डर कॉलीचें वजन साधारणपणें चौदा ते वीस किलो असतें. रोज निदान दोन तास त्याला मोकळ्या जागेंत हालचाल हवी; पण केवळ पाय दमवून भागत नाहीं. ज्याला नुसतें धांवविलें, तो अधिक धांवणारा होतो. त्याचें मन रिकामें तें रिकामेंच राहतें. ह्या मनाची कुवत किती मोठी असते, ह्याचें उदाहरण अमेरिकेंत घडलें. दक्षिण कॅरोलायनांतील जॉन पिली ह्या निवृत्त मानसशास्त्राच्या प्राध्यापकानें चेसर नांवाच्या आपल्या कॉली कुत्रीला १,०२२ खेळण्यांचीं नांवें शिकविलीं. मागितलेलें खेळणें ती बिनचूक आणून देई. हा अभ्यास २०११ सालीं प्रसिद्ध झाला. चेसर २०१९ सालीं वारली तेव्हां पंधरा वर्षांची होती. लपविलेली वस्तु शोधणें, नांवानें वस्तु आणणें, वासावरून माग काढणें असे खेळ घरींही खेळतां येतात. आणि अर्धा तास बुद्धि चालविलेला कॉली पुष्कळदां दोन तास धांवलेल्या कॉलीपेक्षां अधिक तृप्त होऊन झोपतो.

अन्नाविषयीं एकच नियम सांगतों : कुत्रा सडपातळ ठेवावा. लॅब्रेडॉर जातीच्या अठ्ठेचाळीस पिलांवर एक दीर्घ प्रयोग झाला व २००२ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सख्ख्या भावंडांच्या जोड्या करून एकाला जेवढें अन्न दिलें, त्याच्या पाऊणपटच दुसऱ्याला जन्मभर दिलें. कमी जेवणारांचें मध्यम आयुष्य तेरा वर्षें, तर अधिक जेवणारांचें अकरा वर्षांच्या थोडें वर भरलें. शिवाय पहिल्यांचे सांधेही उशिरां दुखूं लागले. एका मुठीच्या अन्नाच्या फरकानें जवळजवळ दोन वर्षें! कुत्र्याच्या बरगड्या डोळ्यांना दिसूं नयेत, पण हात फिरवितांच बोटांना लागाव्यात, ही साधी कसोटी आहे. लाड म्हणून ताटांतलें देतांना लक्षांत ठेवा, कीं चॉकोलेट, द्राक्षें, मनुका, कांदा व लसूण हे पदार्थ कुत्र्याला विष आहेत. साखरेऐवजीं कांहीं गोड पदार्थांत झायलिटॉल घालतात, तेंही त्याला मारक होतें. आपल्या दुखण्यावरची गोळी त्याला कधींही देऊं नये. मेंढरांना वा घोड्यांना द्यावयाचें जंतांचें औषध अंदाजानें पाजणें हेंही तितकेंच घातक; कॉलीच्या भाऊबंद जातींत तर आयव्हरमेक्टिन हें औषध थेट मेंदूंत शिरूं देणारा जन्मजात दोष पुष्कळ आढळतो.

आतां उन्हाविषयीं. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगास घाम येत नाहीं. तो मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड करतो. त्याची स्वाभाविक उष्णता १०१ ते १०२॥ अंश फॅरनहाइट असते. ती १०६ च्या वर गेली म्हणजे प्राणावर बेततें. धुक्याच्या डोंगरांत वाढलेल्या, दाट केसांच्या आणि कामाच्या भरांत स्वतःचा थकवा विसरणाऱ्या ह्या जातीला हा धोका दुप्पट आहे. शिवाय कांहीं बॉर्डर कॉली उष्ण हवेंत दहा-पंधरा मिनिटें जोराचे श्रम करतांच भांबावतात, झोके खातात, मागले पाय ओढूं लागतात, व विश्रांति मिळाली म्हणजे बहुधा अर्ध्या तासांत पूर्ववत् होतात. हा एक निराळाच विकार आहे. असा प्रकार एकदां दिसला तर पुढें त्या कुत्र्याला बेतानेंच खेळवावें. ऊन लागलें असें वाटल्यास त्याला तत्काळ सावलींत न्यावें, अंगावर गार पाणी भरपूर ओतावें, वारा घालावा, शुद्धीवर असेल तर थोडथोडें पाणी पाजावें आणि मग पशुवैद्याकडे न्यावें. आधीं थंड करा, मग न्या. हा क्रम उलटा करूं नका. आपल्याकडे उन्हाळ्यांत फिरविण्याची वेळ सूर्योदयापूर्वींची अगर दिवेलागणीनंतरचीच. फरशीवर वा डांबरावर आपल्या हाताची पाठ पांच सेकंद टेकवत नसेल, तर त्याचे तळवेही तेथें भाजतात.

मेंढरांकडून कुत्र्याकडे, कुत्र्याकडून माणसाकडे

मेंढरांत वावरणाऱ्या कुत्र्याच्या बाबतींत एक रोग विशेष जाणून घेण्यासारखा आहे. एक अगदीं लहान पट्टकृमी कुत्र्याच्या आंतड्यांत राहतो व त्याचीं अंडीं विष्ठेवाटे गवतावर पडतात. मेंढरूं तें गवत खातें, आणि त्याच्या यकृतांत वा फुप्फुसांत पाण्यानें भरलेल्या गांठी होतात. मेंढरूं मारल्यावर तें काळीज-फोपसें कुत्र्याला टाकलें, कीं चक्र पुरें झालें. मधल्या मध्यें न धुतलेल्या हातानें अंडीं माणसाच्या पोटांत गेलीं, तर तशाच गांठी माणसालाही होतात व पुष्कळदां शस्त्रक्रिया करावी लागते.

आइसलँड ह्या देशांत पूर्वीं हा रोग घरोघर होता. हाराल्ड क्राबे नांवाचा डॅनिश शास्त्रज्ञ १८६३ सालीं तेथें गेला, त्यानें ह्या रोगाचा अभ्यास केला, आणि कुत्र्याला मेंढराचे आंतले अवयव कां घालूं नयेत हें सांगणारी एक लहानशी पुस्तिका लिहिली. ती देशभर घरोघर वांटण्यांत आली. तेथील लोक वाचणारे होते. त्यांनीं ती वाचली व तसें वागूं लागले. पुढें कायद्यांचीही मदत झाली, आणि तो रोग त्या देशांतून नाहींसा झाला. वाचतां येणें ही केवढी शक्ति आहे, हें ह्याहून चांगलें कशानें दिसेल? आपल्याला करावयाचें तें थोडकेंच : कुत्र्याला कच्चे अवयव न घालणें, पशुवैद्याच्या सल्ल्यानें ठराविक मुदतीनें जंतांचें औषध देणें, आणि कुत्र्याला हात लावल्यावर जेवणापूर्वीं हात धुणें. गोचिडी व पिसवा ह्यांचाही बंदोबस्त बारमाही ठेवावा. गोचीड ही केवळ रक्त पिणारी नसून तापाचे जंतु रक्तांत सोडणारी आहे.

म्हातारपण

आठ-नऊ वर्षांचा झाला, कीं कॉलीचें तोंड पांढुरकें होऊं लागतें. मेंढपाळाचा कुत्रा साधारण ह्याच सुमारास डोंगरावरील कष्टाच्या कामांतून निवृत्त होतो. सकाळीं उठतांना तो ताठरतो, जिना टाळतो, शिटीला उशिरां ओ देतो. वर्षांतून दोन वेळां पशुवैद्याला दाखवून दांत, हृदय, मूत्रपिंडें व सांधे तपासावे. संधिवातावर आज चांगलीं औषधें आहेत. मऊ अंथरूण, घसरणार नाहीं अशी जमीन आणि हलकें वजन हीं त्या औषधांइतकींच उपयोगी पडतात. कान गेले तर हातांच्या खुणांनीं बोलावें. तरुणपणींच शब्दाबरोबर खूण शिकविली असेल, तर ती ह्या वेळीं कामास येते. कांहीं म्हातारे कुत्रे रात्रीं उगाच फिरतात, कोपऱ्यांत अडकून उभे राहतात. हा मेंदूचा थकवा आहे, खोडी नव्हे. त्यांच्यावर रागावूं नये.

मात्र त्याचें काम एकदम बंद करूं नये. ज्यानें जन्मभर काम केलें, त्याला निरुपयोगी झाल्याची जाणीव लवकर होते. अंगणांतून वर्तमानपत्र आणणें, एक लपविलेलें खेळणें शोधणें, एवढें लहान काम का होईना, रोज द्यावें व नंतर शाबासकी द्यावी. आणि शेवटीं, ज्या वेदनेवर उपाय उरला नाहीं अशी वेळ आली, तर पशुवैद्य एका सुईनें त्याला शांत झोप देऊं शकतो. तो निर्णय फार जड आहे. परंतु तो टाळून त्याला तळमळत ठेवणें ही माया नव्हे. त्या वेळीं मालकानें बाहेर जाऊन बसूं नये. ज्या हातानें त्याला पहिल्या दिवशीं घरांत आणलें, तोच हात शेवटीं त्याच्या मस्तकावर असावा.

दोन घरांची गोष्ट

एका मोठ्या शहरांतील माझ्या ओळखीच्या गृहस्थांनीं हौसेनें बॉर्डर कॉली घेतला होता. घर तिसऱ्या मजल्यावर. दोघेही नवराबायको कामावर जाणारीं. कुत्रा दिवसभर गॅलरींत. दीड वर्षाचा होतांच तो भिंतीवरील सावल्यांमागें धांवूं लागला. स्वतःभोंवतीं तासन् तास गिरक्या घेई, आणि पाहुण्यांच्या मुलांना कोंकरें समजून टांचेला चिमटे काढून एका कोपऱ्यांत वळवी. मुलें रडत, मोठीं माणसें त्याला मारीत. पशुवैद्यानें सर्व तपासून सांगितलें, कीं ह्याला रोग कांहीं नाहीं; ह्याला काम नाहीं. त्या गृहस्थांनीं, तूं नेतोस का, असें मला विचारलें. माझें घर दोन खोल्यांचें. मीं नाहीं म्हटलें. पुढें तो दूरच्या एका शेतावर गेला व तेथें सुधारला असें ऐकतों. परंतु मीं त्याला प्रत्यक्ष पाहिलें होतें तेव्हां तो भिंतीकडे पाहत थरथरत उभा होता, आणि तें चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीं. तो घेण्यापूर्वीं त्या गृहस्थांनीं माझ्यापाशीं सल्ला विचारला होता. "हुशार जात आहे, अवश्य घ्या," असें मींच म्हटलों होतों. तेव्हां मला ह्या लेखांतील निम्मेंही ठाऊक नव्हतें. अज्ञानानें दिलेला सल्ला दुसऱ्या कोणाला तरी भोगावा लागतो, हें मीं त्या मुक्या प्राण्यापासून शिकलों.

आतां तो माझा विद्यार्थी. सुटीनंतर शाळा सुरू झाली तेव्हां तो पुनः माझ्या मेजापाशीं आला. म्हणाला, "सर, बाबांनीं आणि मीं बसून हिशेब केला. सकाळीं बाबा पहांटेच्या गाडीनें जातात. माझी शिकवणी असते. दोन तास देणारें घरांत कोणी नाहीं. आम्हीं बेत सोडला." हें सांगतांना त्याचा चेहरा उतरलेला होता, आणि तें साहजिकच होतें. मीं त्याला सांगितलें, कीं न जन्मलेल्या त्या पिलाची पहिली निगा तूं आजच राखलीस.

मित्रहो, प्राणी पाळणें म्हणजे एक वचन देणें होय. तें वचन आपण बोलूं शकतों, प्राणी बोलूं शकत नाहीं. म्हणून तें मोडलें तरी तो तक्रार करीत नाहीं. ज्यांच्या घरीं मोकळें अंगण, रोजचा वेळ व तेरा वर्षांची चिकाटी असेल, त्यांनीं दाखले तपासून, विचारपूर्वक हा सोबती अवश्य आणावा; त्याच्याइतका प्रामाणिक मित्र क्वचितच मिळेल. ज्यांच्याजवळ तें नसेल, त्यांनीं खुशाल थांबावें. कोणतीही गोष्ट हातीं घेण्यापूर्वीं ती शेवटापर्यंत नेतां येईल कीं नाहीं, हा हिशेब करावयाला शिकणें, हाही विद्येचाच एक भाग आहे.